भांड्यावरची गुरगुर

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पिंजऱ्यात होते.

म्हणजे, आम्ही त्याला पिंजरा म्हणत नाही. आत्याला तो शब्द खपत नाही. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात तिने प्राण्यांसाठी हा निवारा सुरू केला तेव्हापासून इथे 'खोल्या' आहेत आणि खोल्यांत राहणारे 'पाहुणे'. कुणी लंगडं, कुणी म्हातारं, कुणी नुसतंच नकोसं झालेलं. इतर ठिकाणी जागा संपली की एका सुईत हिशेब मिटवतात. आमच्याकडे तो तसा मिटवायची पद्धत नाही. घर मिळालं तर घरी जायचं, नाहीतर इथंच म्हातारं व्हायचं. 'मीही त्याच नियमात बसते,' असं आत्या स्वतःबद्दल सांगते, आणि वर माझ्याकडे बघून, 'तूही बसशील अशानं,' असं म्हणते.

तर, त्या सकाळी मी सावकारच्या खोलीत अडकले होते.

सावकार म्हणजे आमचा सगळ्यात जुना पाहुणा. तपकिरी रंग, फाटका कान आणि बैलासारखी मान. नाव आत्यानेच ठेवलेलं, कारण आपल्या भांड्यातलं एक शीतही तो कुणाला सोडत नाही. एरवी इतका गरीब की मांजरीचं पिल्लू त्याच्या पाठीवर झोपतं. पण जेवताना कुणी जवळ आलं की भांड्यावर आडवा होतो, ओठ वर जातात, आणि छातीतून अशी गुरगुर निघते की समोरचा आपली बोटं मोजायला लागतो. त्याला कौतुकाने घरी नेणारे झाले, आणि तोंड पाडून परत आणून सोडणारेही तेच झाले.

मी त्याचं जेवण ठेवायला आत गेले, वाऱ्याने दार धाडकन लागलं, आणि बाहेरची कडी पडली ती पडलीच. आत्याने ओढून पाहिली, ठोकून पाहिली, तिच्या सासरच्यांचा उद्धार करून पाहिला. शेवटी म्हणाली, "बस तिथंच. कुठं जाऊ नकोस."

जणू मी सहलीला निघाले होते!

मी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसले. सावकार खात होता, एक डोळा भांड्यावर, एक माझ्यावर. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. आणि त्या भुरभुरीतून आत्यामागोमाग तो आला... खांद्यावर हत्यारांची पिशवी, कपाळावर ओले केस. बाजारापलीकडच्या गल्लीतला कुलूपवाला.

त्याने आधी कडीकडे पाहिलं, मग सावकारकडे, मग माझ्याकडे. मी त्या क्रमाची मनात नोंद केली. माणसं कशाकडे आधी बघतात, ते मी बघते. पाहुण्यांना न्यायला येणारी माणसं पारखायची, निवाऱ्यात माझं कामच ते आहे.

"या दोघांतलं चावतं कोण?" त्याने विचारलं.

"आधी कडी काढा. मग सांगते."

त्याने कडीवर तेलाचा थेंब सोडला, कान लावला, पातळ पट्टी आत सरकवली. ठोकाठोक नाही, आदळआपट नाही. "गंजलेली नाही," तो कडीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "रुसलेली आहे." आणि मग, मान वर न करता—

"घरी न्यायचं असेल तर काय करावं लागतं?"

"ऑफिसात अर्ज करायचा. कुत्र्याची सगळी माहिती तिथंच मिळेल."

"कुत्र्याचं कुठं म्हटलं मी?"

सावकार गुरगुरला.

"तो माझ्या वतीनं बोलला," मी म्हटलं.

कडी सुटली. तो हसला. हसताना त्याचा एक गाल दुसऱ्याआधी हसतो, हेही मी पाहून ठेवलं. कामाचा भाग म्हणून, दुसरं काही नाही.

---

त्यानंतर आत्याला अचानक साक्षात्कार झाला की निवाऱ्यातल्या सगळ्याच कड्या बदलायला झाल्यात. इतकी वर्षं ती त्यांच्यावर सुतळी गुंडाळून भागवत होती.

"एकदम नको हं," तिने कुलूपवाल्याला बजावलं. "रोज थोडं थोडं करा. पाहुण्यांना आवाजाचा त्रास होतो."

"पाहुण्यांना?" त्याने विचारलं.

"पाहुण्यांनाच," आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे मुळीच न बघता चहा ठेवायला गेली. ती इतकी मुळीच बघत नसते, तेव्हा समजावं की सगळं बघते आहे.

मग तो रोज येऊ लागला. सकाळी, आमचं झाडणं-धुणं चाललेलं असताना. ओल्या फरशीवर त्याच्या बुटांचा आवाज, पिशवी ठेवल्याचा खणखणाट, आणि मग, "आज कुणाची पाळी, मॅनेजरसाहेब?"

इथे मला सगळे ताई म्हणतात. दूधवाला, औषधवाला, माझ्या वडिलांच्या वयाचे लोकसुद्धा. तो मात्र 'मॅनेजरसाहेब', 'अहो', 'ऐका ना', 'हे बघा' यांतलं काहीही म्हणायचा. आत्याने ते माझ्याआधी टिपलं.

"सगळं जग तुला ताई म्हणतं. हा तो शब्द कसा चुकवतो बघ, रस्त्यातलं डबकं चुकवावं तसा."

"राहिलं असेल."

"हो, रोज राहतं बिचाऱ्याचं."

एकदा मी सावकारला जेवण देत होते आणि तो शेजारच्या दाराची बिजागरी बसवत होता. मी जरा लांबून सावकारजवळ जायचे, भांड्यात शिजवलेल्या चिकनचा एक तुकडा टाकायचे आणि मागे फिरायचे. पुन्हा जायचे, टाकायचे, फिरायचे.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला. "जेवतोय तो. आणखी वाढून का भडकवता?"

"तो भडकत नाही, घाबरतो. त्याला वाटतं जवळ येणारा प्रत्येक जण त्याचं काढून घ्यायला येतोय. कुणीतरी कधीतरी घेतलं असणार. म्हणून भांड्याला हात लावायचा नाही, ओरडायचं नाही. जवळ जायचं, भांड्यात आहे त्याहून चांगलं काहीतरी टाकायचं आणि परत फिरायचं. माणूस जवळ आला की जात नाही, येतं... हे त्याला पटेपर्यंत."

"आणि पटलं हे कळतं कसं?"

"शेपटीवरून."

तो स्क्रू पिळायचा थांबला होता. सावकारकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी पटकन उरलेलं सगळं चिकन भांड्यात टाकलं. पद्धतीत बसत नाही ते, पण हातून झालं.

---

इथवर सगळं बरं होतं. मग आल्या डॉक्टरीणबाई.

आधीचे डॉक्टर जाडजूड मिशांचे होते. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नव्हती. ते दुसऱ्या शहरात गेले आणि आठवड्यातून एकदा या यायला लागल्या. लांब बोटं, मान मागे टाकून हसणं, आणि दिवसभर कुत्र्यांचे कान साफ करूनही अंगाला साबणाचा वास. अशा बाईवर विश्वास कसा ठेवायचा, सांगा.

पहिल्याच दिवशी त्यांनी कुलूपवाल्याला काहीतरी सांगितलं आणि तो हसला. तोच एक गाल आधी. तोवर ते हसू मी माझ्या खात्यावर जमा धरत होते. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर पडलेलं पाहून मला... काही झालं नाही. फक्त हातातली बादली जरा जोरात ठेवली गेली.

"मागच्या खोलीची बिजागरी करकरते आहे," मी त्याला म्हटलं.

"मागची? परवा तर गप्प होती."

"आज करकरते आहे."

तो मागे गेला. थोड्या वेळाने बघते तर डॉक्टरीणबाईही मागे. मग मला मागच्या खोलीतली मांजर पुढे तपासायला हवीशी वाटली, म्हणून मी बाईंना पुढे बोलावलं. तर तो पुढच्या फाटकाला तेल घालायला हजर! दिवसभर मी दोघांना पुढून मागे आणि मागून पुढे हाकत होते, आणि आत्या भाजी निवडत बसावी तशी निवांत सगळं निवडत होती.

"कान मागे गेलेत तुझे," ती म्हणाली.

"माझे?"

"दातही दिसायला लागलेत. सांभाळ."

त्या संध्याकाळी माझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. कित्येक वर्षं अडकून बसलेला, आम्ही त्याचा नाद सोडलेला खण! आत माझी हरवलेली शिट्टी होती. "जाता जाता सोडवला," कुलूपवाला दारातून म्हणाला आणि गेला. मी शिट्टी खिशात घातली. कामाचा माणूस आहे, इतकंच मनात आलं. बाकी सगळं मन लांब बोटांत अडकलेलं.

पुढच्या वेळी बाई आल्या तेव्हा त्या दोघांना मी सावकारच्या खोलीपाशी गाठलं. दोघं उकिडवे बसलेले, डोक्याला डोकं लावून. मी गेले आणि दोघं गप्प झाले. एखादं खरं गुपित असलं की माणसं अशीच गप्प होतात. खोटं असलं की लगेच हवापाण्यावर बोलतात.

"काय चाललंय?"

"हवा काय कुंद झालीये ना," कुलूपवाला म्हणाला, जरा उशिराने.

तो उठताना त्याचा हात माझ्या बाजूने गेला. हाताला शिजवलेल्या चिकनचा वास! म्हणजे डबा वाटून खाणं सुरू झालं होतं. इतक्यात! मी त्याला महिनाभर चहा दिला, कप वेगळा ठेवला, त्या कपात दुसऱ्या कुणाला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही, आणि हा हिच्या डब्यात हात घालतो...

त्या दिवशी माझी मोडकी छत्री दुरुस्त होऊन खुंटीला लागली होती. काडी नवी, मूठ घट्ट. मी ती उघडली, मिटली, आणि रागाने पुन्हा उघडली.

"छत्रीनं काय केलं तुझं?" आत्याने विचारलं.

"आत्या, ती डॉक्टरीण तुला कशी वाटते?"

"छान आहे. हात हलका आहे तिचा."

"हात हलका असण्याचं काय मोठंसं?"

"सुई टोचताना मोठंसंच असतं गं." आणि मग डोळे बारीक करून, "तुला कुठं टोचली?"

---

शेवटचं दार राहिलं होतं. त्याची कडी बसली की तो यायचा बंद होणार, हे मला ठाऊक होतं. मी त्या दारात मुद्दाम धान्याची पोती रचून ठेवली होती. पण पोती काही जन्मभर राहत नाहीत. खाणारी तोंडं आहेत.

त्यातच डॉक्टरीणबाई निघताना त्याला म्हणाल्या, "मग शनिवारी येते." शनिवारी! आमच्याकडे त्या शनिवारी कधीच येत नाहीत.

शनिवारी मी कपाटाचं एक धडधाकट कुलूप घेतलं, त्यात थोडी माती भरली आणि त्याच्या गल्लीत गेले. काम असल्याशिवाय कुणाच्या दुकानावर जाऊ नये, एवढी रीत मला आहे.

दुकानाची फळी बंद होती. शेजारच्या बोळातून मागे त्याचं घर दिसतं. छोटं अंगण, उंच भिंत, हिरवं फाटक. फाटकाची फट मोठी नव्हती, पण पुरेशी होती.

अंगणात डॉक्टरीणबाई होत्या. हातात मोजायची फीत. फितीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. दोघं भिंत मोजत होते. मग ती पावलं टाकत कोपऱ्यापर्यंत गेली, आत डोकावली, बाहेर आली, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात गेली. "तिकडं दुपारचं ऊन येईल, झोपायला हा कोपरा बरा," ती म्हणाली. आणि तो, मान डोलावत, अगदी शहाण्या मुलासारखा, "तसंच करू."

तसंच करू!

दोघं घर मांडत होते. आणखी काय?

मी परत फिरले. पाऊस लागला होता. छत्री हातात होती, त्याने दुरुस्त केलेली, पण ती उघडायचं मला सुचलं नाही. रस्त्याने जाणाऱ्या एका आजोबांनी, "अगं पोरी, उघड ना ती," असं म्हटलं, आणि त्या 'पोरी'नेच माझे डोळे भरून आले. माणसांना ओळखायचं माझं काम. कोण आठवड्यात कुत्रं परत आणील, कोण त्याला उशीवर झोपवील, हे बुटांवरून सांगणारी मी. आणि एका माणसाच्या गालावर भुलून, त्याच्या 'ताई' न म्हणण्याचं व्याज मोजत बसले होते.

निवाऱ्यात शिरले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. सावकारचं भांडं घेऊन मी त्याच्या खोलीत गेले आणि ओल्या कपड्यांनिशी तिथंच खाली बसले, अगदी भांड्याजवळ. चिकनचा तुकडा न्यायचाही विसरले होते. सावकारने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं... आणि थोडा सरकला. मला जागा देण्यासाठी. खाता खाता त्याची शेपटी फरशीवर हळूच आपटत होती. थप. थप.

तो गुरगुरला नाही.

त्याला पटलं होतं. मी आनंदाने ओरडायला हवं होतं. पण मी त्याच्या मानेला मिठी मारली आणि रडले. कारण आता तो कुणाच्याही घरी जाऊ शकत होता. आता त्याला कुणी परत आणलं नसतं. जायचं ते सगळं एकदमच निघालं होतं.

---

दुसऱ्या दिवशी कुलूपवाला हत्यारांच्या पिशवीशिवाय आला. केस नीट विंचरलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. आत्या पाहुण्यांचा भात ढवळत होती. ती ढवळायची थांबली.

मी टेबलामागे ताठ बसले.

"अभिनंदन," मी म्हटलं.

"कशाचं?"

"नव्या संसाराचं. दुपारचं ऊन आवडत नाही वाटतं बाईंना?"

तो गोंधळला. "कुठल्या बाईंना?"

"भिंत मोजून घेतलीत, चांगलं केलंत. उंच आहे का पुरेशी?"

"साडेपाच फूट," तो म्हणाला, अजून गोंधळलेलाच. "डॉक्टर म्हणाल्या पुरे. सावकार काही उडी मारणाऱ्यातला नाही."

मी ताठपणा विसरून पुढे वाकले.

"सावकार?"

"फाटकाखालची फट बुजवायला सांगितली आहे. झोपायला सावलीचा कोपरा, पाण्याचं भांडं उंबऱ्यापासून लांब. तुमचीच यादी आहे म्हणाल्या. अवघड पाहुणा असेल तर डॉक्टरांनी आधी घर बघायचं, हा नियम तुम्हीच केलाय ना?"

मीच केला होता. किती घरं बघितली असतील मी! भिंती मोजल्या, फटींत हात घालून पाहिले, 'ऊन कुठून येतं' हे विचारून लोकांना भंडावून सोडलं. आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर चाललेली घराची तपासणी मला ओळखू आली नव्हती! फट तेवढी बरोबर शोधली होती, उभं राहून बघायला.

भातामागून खुसखुस ऐकू आली.

"मग ते... चिकन?" मी विचारलं. "हाताला वास होता तुमच्या."

"सावकारला टाकत होतो, तुमची पाठ वळली की. रोज. जवळ जायचं, टाकायचं, परत फिरायचं. डॉक्टर आल्या की बघायच्या, चुकलो की सांगायच्या. तुम्ही काय समजलात?"

"काही नाही. मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला?" आता त्याचा आवाज जरा चढला. "सावकारला मागणाऱ्या कुणालाही तुम्ही हल्ली देत नाही. एका घराला म्हणालात, जिना वाकडा आहे."

"होताच वाकडा."

"एका काकूंना म्हणालात, त्यांचा आवाज चढा आहे."

"अहो, भांडी पडल्यासारखं बोलायच्या त्या!"

"आणि मी मागितलं असतं तर?"

मी काय केलं असतं, हे मला नीट माहीत होतं. त्याचं नाक वाकडं ठरवलं असतं.

"तुम्ही नाही म्हणाला असता," तो हळूच म्हणाला, "तर माझ्या दोन्ही गोष्टी एकदम गेल्या असत्या. म्हणून आधी सगळं पक्कं केलं, मग आलो."

"दोन कुठल्या?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून दिसणाऱ्या सावकारच्या खोलीकडे. कडीकडे पाहिलंच नाही. क्रम बदलला होता. मी क्रमाची नोंद ठेवते, सांगितलंच आहे.

गालांवर काहीतरी चढलं. ते उतरायच्या आत मी पुन्हा घट्ट झाले. "पण सावकार इथला आहे. माझी सवय आहे त्याला. मला... मला त्याची सवय आहे. तुम्ही तो घेऊन जाणार. कड्या संपल्या, तुमचं येणंही संपणार. मग माझ्याकडे राहिलं काय?"

म्हणायचं नव्हतं ते सगळं. निघून गेलं तोंडातून. भात करपल्याचा वास येत होता आणि आत्या हलत नव्हती.

त्याने खिशात हात घातला. "भांड्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला, शिकलेला धडा म्हणून दाखवावा तसा. "ओरडायचं नाही. जवळ जायचं, आणि आहे त्याहून चांगलं काहीतरी टाकायचं."

आणि टेबलावर एक किल्ली ठेवली. कोरी, चकचकीत, नुकतीच कानशीखालून निघालेली.

मी किल्लीकडे बघत राहिले. मग टेबलाच्या खणाकडे नजर गेली. मग खुंटीवरच्या छत्रीकडे. खण डॉक्टरीणबाई पहिल्यांदा आल्या त्या दिवशी सुटला होता. छत्री दुसऱ्या वेळी. बाई आल्या, मी दात दाखवले, की संध्याकाळी माझ्यापाशी काहीतरी येऊन पडत होतं...

"थांबा," मी म्हटलं. "तुम्ही मला... सावकारसारखं..."

"तुमच्याच पद्धतीनं."

"मी काय भांड्यावर गुरगुरत होते?"

"डॉक्टरच म्हणाल्या. तुमच्या मॅनेजर भांड्यावर फार गुरगुरतात. मी विचारलं, कुठल्या भांड्यावर? त्यांनी माझ्याकडे बोट केलं." त्याचा एक गाल हसला, मग दुसरा. "आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी भांडं म्हटलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

रागवावं की हसावं, काही ठरेना. मी किल्ली उचलली. अजून त्याच्या खिशातली ऊब होती तिला.

"कशाची आहे?"

"हिरव्या फाटकाची. सावकारला भेटायला या. हवं तेव्हा या. विचारून येऊ नका." तो थांबला. कानामागे खाजवलं. "आणि... सावकार झोपलेला असला तरी या. मी जागा असेन. म्हणजे, भेटायला सावकारच हवा असं नाही ना..."

इतका बोलका माणूस, आणि आता प्रत्येक शब्द अडकलेल्या कडीसारखा काढत होता. मला फार छान वाटलं. आणि तेवढ्यात मनातलं ते दुसरं काहीतरी जागं झालं.

"आणखी किती किल्ल्या आहेत अशा?"

"एक. माझी."

"डॉक्टरीणबाईंकडे?"

"त्या फाटक वाजवून येतील."

"जोरात वाजवायला सांगा."

"सांगतो."

आम्ही दोघं सावकारला न्यायला त्याच्या खोलीत गेलो. तो पट्टा घालायला वाकला, मी भांडं उचललं. जेवण त्यात अर्धं होतं. सावकारने माझ्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं, मग कुलूपवाल्याकडे, आणि काहीही न म्हणता त्याच्या पायाला टेकून बसला. इतका भरवसा! माझ्याकडून इतक्यात झाला नसता. मी किल्ली मुठीत अजूनही घट्ट धरली होती, कुणी हिसकावून नेईल अशी.

त्याने ती मूठ पाहिली. जवळ आला, पण हात लावला नाही.

"जवळ येऊ?" त्याने विचारलं. "की अजून गुरगुर आहे?"

"थोडी आहे," मी म्हटलं. "राहील ती. पण... ये."

'या' म्हणायचं होतं. 'ये' निघालं. त्याने ते ऐकलं, आणि त्या करपलेल्या भाताच्या वासात, ओल्या फरशीवर, अगदी माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या शर्टाची बाही माझ्या दंडाला लागली. मी मूठ सैल केली.

"पटलं का हो हिला?" स्वयंपाकघरातून आत्या ओरडली. "शेपटी बघा, शेपटी!"

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. सावकारची शेपटी फरशीवर हळूच आपटत होती. थप, थप.

"मी हिचं विचारतेय!" आत्या म्हणाली.